इंटरनेट वारंवार तुटते? दोष जुन्या संगणकाचा की वाटेतला, हे कसे ओळखावे

संगणक सुरू होतो, संकेतस्थळे उघडतात आणि दहा-पंधरा मिनिटांनी पडद्याच्या कोपऱ्यातील जोडणीच्या चिन्हावर पिवळा त्रिकोण दिसू लागतो. थोड्या वेळाने जोडणी आपोआप परत येते आणि पुन्हा जाते. तोवर अर्धा भरलेला प्रवेशअर्ज पुसला गेलेला असतो, बँकेच्या संकेतस्थळावरून वापरकर्ता बाहेर फेकला गेलेला असतो किंवा परदेशातील मुलाशी चाललेले बोलणे मध्येच थांबलेले असते. अशा वेळी बहुतेक घरांत एकच निदान ऐकू येते: संगणक जुना झाला, आता नवा घ्या. हे निदान काही वेळा बरोबर असते. मात्र पुष्कळदा दोष एखाद्या सैल टोकात, चुकीच्या जागी ठेवलेल्या राउटरमध्ये किंवा शंभर रुपयांच्या आत मिळणाऱ्या बॅटरीत असतो आणि नवा संगणक आणल्यावरही इंटरनेट पूर्वीसारखेच तुटत राहते.

गोव्यातील शाळा, वाचनालये, छोटी कार्यालये आणि छापखाने येथे दहा-दहा वर्षांचे संगणक आजही कामात आहेत. काही ठिकाणी त्यामागे खर्चाचे कारण असते. तर काही ठिकाणी युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमधील जुना मजकूर केवळ त्याच यंत्रावर नीट उघडतो, हे कारण असते. असे यंत्र मोडीत काढण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे ठरवणे आवश्यक आहे. त्यासाठी तंत्रज्ञाची पदवी लागत नाही. क्रमाने तपासण्याची शिस्त लागते.

वाटेचे चार टप्पे

संकेतस्थळावरील मजकूर संगणकापर्यंत पोहोचताना घराच्या परिसरात चार टप्पे पार करतो. पहिला टप्पा सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या तारेचा. ती खांबावरून किंवा जमिनीखालून घरापर्यंत येते. दुसरा मोडेम किंवा राउटर आणि त्याचा वीजपुरवठा. तिसरा राउटरपासून संगणकापर्यंतचा दुवा, मग तो तारेचा असो वा बिनतारी. चौथा खुद्द संगणक, म्हणजे त्यातील नेटवर्क कार्ड, त्याचे ड्रायव्हर आणि संगणकप्रणाली. ‘इंटरनेट तुटते’ ही तक्रार या चारपैकी कोणत्याही ठिकाणच्या दोषामुळे उद्भवते आणि पडद्यावर दिसणारी खूण मात्र बहुधा सारखीच असते. म्हणून आधी टप्पा निश्चित करावा, उपाय नंतर करावा. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहूनच पुढे जावे. चार बदल एकदम केले आणि जोडणी सुधारली, तर कशामुळे सुधारली हे कळत नाही; बिघडली तर मागे फिरण्याची वाटही उरत नाही.

पहिली परीक्षा: दुसरे उपकरण

जोडणी तुटलेली असतानाच त्याच वायफायवर असलेल्या मोबाइलवर एखादे नवे संकेतस्थळ उघडून पाहावे. येथे एक खबरदारी महत्त्वाची आहे. मोबाइलचा डेटा आधी बंद करावा. अन्यथा वायफायवरून इंटरनेट येईनासे झाले की मोबाइल गुपचूप स्वतःच्या डेटावर जातो आणि सारे ठीक असल्याचा समज होतो.

मोबाइलवरही काही उघडत नसेल, तर संगणक निर्दोष आहे असे समजून राउटर आणि बाहेरच्या तारेकडे वळावे. मोबाइलवर सुरळीत चालते आणि संगणकावर तुटते, असे असेल तर दोष शेवटच्या दोन टप्प्यांत आहे.

या दुसऱ्या प्रसंगी आणखी एक परीक्षा करता येते. मोबाइलचे हॉटस्पॉट सुरू करून संगणक त्याला जोडावा आणि तासभर वापरावा. तेथेही जोडणी तुटत राहिली, तर संगणकातील वायफाय कार्ड किंवा त्याचे ड्रायव्हर संशयास्पद ठरते. हॉटस्पॉटवर जोडणी टिकली, तर संगणक आणि घरचा राउटर यांचे परस्परांशी जुळत नाही, असा निष्कर्ष निघतो. तसेच राउटर आणि संगणक यांना तारेने जोडून पाहावे. तारेवर टिकते आणि बिनतारी तुटते, एवढे कळले तरी अर्धे काम झाले.

वेळेची नोंद

अधूनमधून होणारा बिघाड तंत्रज्ञ आल्यावर नेमका दिसत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. त्यावर उपाय म्हणजे आठवडाभर वहीत नोंद ठेवणे: तारीख, वेळ, किती मिनिटे जोडणी नव्हती, राउटरवरील कोणते दिवे लागलेले होते, पाऊस होता का, घरात त्या वेळी काय सुरू झाले.

अशा नोंदीतून आकृतिबंध दिसू लागतो. संगणक दहा मिनिटे न वापरता ठेवल्यानंतर जोडणी जात असेल, तर वीजबचतीची सोय कारणीभूत असण्याचा संभव मोठा. लॅपटॉपचा पडदा मागे-पुढे करताच जात असेल, तर आतील अँटेनाची तार पाहावी लागते. विहिरीचा पंप सुरू होताच राउटरचे सगळे दिवे क्षणभर विझत असतील, तर विजेचा दाब कमी पडतो आहे. पावसाच्या सरीनंतर दोन-तीन तास जात असेल, तर बाहेरच्या सांध्यात पाणी शिरते आहे. जुन्या तांब्याच्या दूरध्वनी तारेवरून इंटरनेट येत असेल आणि फोनची घंटा वाजताच ते तुटत असेल, तर फोन आणि मोडेम यांना वेगळे करणारा स्प्लिटर निकामी झाला आहे. रोज रात्री ठरावीक वेळी जोडणी न तुटता केवळ मंदावत असेल, तर परिसरातील एकूण वापर वाढल्याचे ते लक्षण असते.

पिंग: तीन पायऱ्यांची तपासणी

विंडोज संगणकात ‘कमांड प्रॉम्प्ट’ नावाची काळी खिडकी असते. स्टार्टच्या शोधचौकटीत सीएमडी ही तीन इंग्रजी अक्षरे लिहिली की ती उघडते. तेथे ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहून एंटर दाबल्यावर संगणकाचा पत्ता आणि ‘डीफॉल्ट गेटवे’ म्हणजे राउटरचा पत्ता दिसतो. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो.

त्यानंतर ‘पिंग’ ही आज्ञा, एक जागा सोडून राउटरचा पत्ता, पुन्हा एक जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला लागून टी हे अक्षर असे लिहावे. अक्षरे आणि अंक अर्थातच इंग्रजी. संगणक दर सेकंदाला राउटरला हाक मारतो आणि उत्तर आले की त्याला लागलेला वेळ दाखवतो. हाका थांबवण्यासाठी कंट्रोल आणि सी ही बटणे एकत्र दाबावीत. दुसऱ्या खिडकीत हीच आज्ञा ८.८.८.८ या गुगलच्या सार्वजनिक पत्त्यावर चालू ठेवावी. तिसऱ्या खिडकीत अंकांऐवजी एखाद्या मोठ्या संकेतस्थळाचे नाव घेऊन ती द्यावी.

निकालाचा अर्थ सोपा आहे. जोडणी तुटते त्या क्षणी पहिल्या खिडकीतील उत्तरेही थांबली, तर दोष संगणक आणि राउटर यांच्यामध्ये आहे. पहिल्या खिडकीत उत्तरे येत राहिली आणि दुसरीत थांबली, तर दोष राउटरच्या पलीकडे आहे. आधीच्या दोन्ही खिडक्यांत उत्तरे येत आहेत, पण संकेतस्थळाचे नावच सापडत नाही असा संदेश तिसरीत आला, तर नावांचे पत्त्यांत रूपांतर करणारी डीएनएस ही सेवा अडखळते आहे. अशा वेळी राउटरमध्ये किंवा संगणकात डीएनएसचा पत्ता बदलून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ ठेवल्याने प्रश्न सुटू शकतो. आणि तिन्ही खिडक्यांत उत्तरे नियमित येत असताना ब्राउझर मात्र गोठला असेल, तर इंटरनेट तुटलेलेच नाही. दोन किंवा चार जीबी स्मृती असलेल्या जुन्या यंत्रावर दहा टॅब उघडले की असे होते. टॅब कमी करणे आणि नको असलेली एक्स्टेन्शन काढणे हाच तेथे उपाय.

आयपीकॉन्फिगमध्ये संगणकाचा पत्ता १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही आणि विंडोजने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला आहे, असा त्याचा अर्थ. कधी संगणकाला पूर्वी कोणी हाताने कायमचा पत्ता दिलेला असतो आणि तोच पत्ता राउटर एखाद्या मोबाइललाही देतो. मग दोन्ही उपकरणांची जोडणी आळीपाळीने तुटते. असा पत्ता काढून तो आपोआप मिळण्याची सोय पुन्हा सुरू करावी.

तार आणि तिचे टोक

राउटर आणि संगणक तारेने जोडलेले असतील, तर आधी टोक पाहावे. या तारेच्या टोकाला प्लास्टिकचा छोटा खटका असतो. तो तुटला की टोक जागेवर बसल्यासारखे दिसते, पण टेबलाला धक्का लागताच सुटते. किनारपट्टीच्या गावांत खाऱ्या दमट हवेने टोकातील पितळी रंगाच्या पट्ट्यांवर काळसर थर चढतो. यंत्र बंद करून टोक चार-पाच वेळा काढून घातल्यास असा थर काहीसा झिजतो. मात्र पॉलिश कागदाने घासू नये, त्याने वरचा मुलामा जातो.

तारेत आठ बारीक तारा असतात. शंभर एमबीपीएसच्या जोडणीला त्यातील चारच लागतात, हजार एमबीपीएसच्या जोडणीला आठही लागतात. म्हणून दोन्हीकडची उपकरणे हजारची असूनही जोडणीचा वेग शंभरच दिसत असेल, तर एखादी तार तुटली असण्याची शक्यता असते. दाराच्या फटीतून नेलेली, खुर्चीच्या चाकाखाली आलेली किंवा उंदराने कुरतडलेली तार दुरुस्त करण्यापेक्षा बदलणे स्वस्त पडते. नवी तार टाकताना तिची लांबी १०० मीटरपेक्षा अधिक ठेवू नये. राउटरवर तारेसाठी एकापेक्षा जास्त जागा असल्यास दुसऱ्या जागी टोक लावून पाहावे. नेटवर्क कार्डाच्या मांडणीत वेग कोणी हाताने ठरवून ठेवला असल्यास तो पुन्हा ‘ऑटो’वर आणावा.

बिनतारी जोडणी आणि चिऱ्याच्या भिंती

गोव्यातील जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्याही असतात. वसरीत राउटर आणि राजांगणाच्या पलीकडच्या खोलीत संगणक, अशी रचना असेल तर लहरींना अशा दोन-तीन भिंती भेदाव्या लागतात. लोखंडी कपाट, पत्र्याचे छप्पर, मोठा आरसा किंवा पाण्याची टाकी वाटेत आली तर अडथळा आणखी वाढतो. राउटर जमिनीवर किंवा टीव्हीच्या मागे न ठेवता उंचावर, घराच्या मध्याजवळ ठेवावा. तो हलवता येत नसेल, तर त्या खोलीपर्यंत तार नेऊन तेथे दुसरा ॲक्सेस पॉइंट लावणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

वायफाय प्रामुख्याने २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवर चालते. जुन्या संगणकांतील अनेक कार्डांना केवळ पहिला पट्टा कळतो. तो दूरवर पोहोचतो, पण त्यावर गर्दी फार. ब्लूटूथ त्याच पट्ट्यावर चालते आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवरच काम करतो. ओव्हन सुरू असतानाच जोडणी जात असेल, तर आणखी शोध घेण्याची गरज नाही. यूएसबी ३.० च्या हार्ड डिस्क आणि त्यांच्या तारा यांमुळेही या पट्ट्यात गोंगाट होतो. वायफायचा यूएसबी अडॅप्टर त्यांच्या शेजारी लावू नये.

या पट्ट्यात चॅनेल असतात. त्यातील १, ६ आणि ११ हे तीन एकमेकांवर आक्रमण करत नाहीत. राउटर ‘ऑटो’वर असेल तर तो कधी १२ किंवा १३ क्रमांकाचा चॅनेलही निवडतो. भारतात हे चॅनेल चालतात, पण अमेरिकी बाजारासाठी घडवलेल्या काही कार्डांना ११ च्या पुढचे चॅनेल दिसतच नाहीत. मग मोबाइलवर वायफाय दिसते आणि जुन्या लॅपटॉपवरून ते नाहीसे होते. राउटर पुन्हा सुरू केल्यावर त्याने दुसरा चॅनेल निवडला की ते परत दिसते. मालकाला याचे कोडे उलगडत नाही. चॅनेल हाताने १, ६ किंवा ११ वर ठेवल्यास हा प्रकार थांबतो.

नव्या राउटरांच्या आणखी तीन सोयी जुन्या कार्डांना त्रासदायक ठरतात. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असेल, तर दोन्ही पट्टे जाणणारे जुने कार्ड एकावरून दुसऱ्यावर उड्या मारते. पट्ट्यांना वेगळी नावे द्यावीत आणि जुना संगणक एकाच नावाला जोडावा. दुसरी सोय सुरक्षेची: २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए३ ही पद्धत जुन्या कार्डांना समजत नाही आणि संमिश्र मांडणीत काही कार्डे अडखळतात. अशा वेळी राउटर डब्ल्यूपीए२ आणि एईएस यांवर ठेवावा; त्याहून जुन्या डब्ल्यूईपीकडे मात्र कधीही जाऊ नये, कारण ती पद्धत सहज फोडली जाते. तिसरी सोय चॅनेलच्या रुंदीची: २.४ गिगाहर्ट्झवर ती ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ ठेवल्यास वेग थोडा घटतो, पण जोडणी अधिक टिकते.

संगणकाच्या आतील दोष

दोष संगणकातच आहे असे ठरल्यावर सर्वांत आधी वीजबचतीची मांडणी पाहावी. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये नेटवर्क कार्डाच्या ‘प्रॉपर्टीज’ उघडल्या की ‘पॉवर मॅनेजमेंट’चे पान दिसते. वीज वाचवण्यासाठी संगणकाने हे उपकरण बंद करावे, अशा अर्थाच्या ओळीपुढील खूण काढून टाकावी. लॅपटॉपमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये वायरलेस अडॅप्टरची मांडणी ‘मॅक्झिमम परफॉर्मन्स’वर ठेवावी. संगणक रिकामा असताना जोडणी जाण्याची तक्रार अनेकदा एवढ्यानेच मिटते.

त्यानंतर ड्रायव्हर. विंडोजचे मोठे अद्ययावतीकरण झाल्यापासून त्रास सुरू झाला असेल, तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ची सोय वापरून आधीचे ड्रायव्हर परत आणावे. नवे ड्रायव्हर हवे असल्यास ते संगणक किंवा कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे. एका टिचकीत सर्व ड्रायव्हर सुधारून देण्याचा दावा करणारे फुकट प्रोग्रॅम टाळावेत. त्यांच्यासोबत नको असलेले सॉफ्टवेअर येण्याचा धोका असतो. मुदत संपलेला अँटिव्हायरस किंवा अर्धवट काढलेला व्हीपीएन प्रोग्रॅमही जोडणी अडवतो. तो पूर्णपणे काढून पाहावा आणि विंडोजची स्वतःची सुरक्षा चालू ठेवावी. विंडोज १० मध्ये ‘नेटवर्क रीसेट’ ही सोय सर्व मांडणी मूळपदावर आणते. तिने साठवलेले वायफायचे परवलीचे शब्द पुसले जातात, म्हणून ते आधी लिहून ठेवावेत.

जुन्या लॅपटॉपमध्ये वायफायच्या अँटेना बहुधा पडद्याच्या चौकटीत बसवलेल्या असतात आणि त्यांच्या तारा बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. वर्षानुवर्षे पडदा उघडझाप केल्याने या तारा झिजतात. पडदा हलवताच जोडणी जाणे ही त्याची खूण. लॅपटॉप उघडण्यापेक्षा यूएसबीवर लावण्याचा बाहेरचा वायफाय अडॅप्टर घेणे सोपे असते. तो काही शे रुपयांत मिळतो आणि जुने कार्ड निकामी झाले असल्यासही उपयोगी पडतो. मेजावरच्या संगणकात असा अडॅप्टर मागच्या बाजूला, धातूच्या पेटीआड लावण्यापेक्षा छोट्या जोडतारेने वर आणून ठेवावा.

घड्याळ चुकले की इंटरनेट ‘जाते’

जुन्या संगणकाच्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, नाण्याच्या आकाराची तीन व्होल्टची बॅटरी असते. तिचा प्रचलित क्रमांक सीआर२०३२. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. काही वर्षांनी ती संपते आणि वीज गेल्यानंतर संगणक सुरू केला की तारीख अनेक वर्षे मागे गेलेली असते. सुरक्षित संकेतस्थळे आपली ओळख पटवण्यासाठी जी प्रमाणपत्रे वापरतात, त्यांना प्रारंभाची आणि समाप्तीची तारीख असते. संगणकाचे घड्याळ चुकले की त्याला प्रत्येक प्रमाणपत्र अवैध वाटते आणि ब्राउझर पान उघडण्यास नकार देतो. वापरकर्त्याच्या लेखी इंटरनेट गेलेले असते. प्रत्यक्षात पिंगला उत्तरे येतच असतात. तारीख दुरुस्त करून बॅटरी बदलली की प्रश्न संपतो.

प्रमाणपत्रांचा आणखी एक प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असंख्य संकेतस्थळांना आधारभूत असलेल्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि त्याच्या जागी आलेले नवे प्रमाणपत्र ज्यांना ठाऊक नव्हते अशा जुन्या प्रणालींवर ती संकेतस्थळे उघडेनाशी झाली. घड्याळ बरोबर असूनही ठरावीक संकेतस्थळेच उघडत नसतील आणि बाकीची उघडत असतील, तर जुनी संगणकप्रणाली किंवा जुना ब्राउझर हे कारण तपासावे.

राउटर आणि त्याची वीज

राउटर दिवसाचे चोवीस तास चालतो आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. बंद कपाटात किंवा सेट-टॉप बॉक्सच्या पाठीवर ठेवलेला राउटर तापतो. तो बंद करून पुन्हा सुरू केल्यावर काही तास जोडणी नीट राहते आणि नंतर पुन्हा तुटू लागते, हे त्याचे लक्षण. त्याला मोकळी हवा मिळेल अशी जागा द्यावी.

त्याहून अधिक दुर्लक्षित राहतो तो त्याचा छोटा अडॅप्टर. त्यातील कपॅसिटर जुने झाले की ताण वाढताच दाब कोसळतो आणि राउटर स्वतःच पुन्हा सुरू होतो. नवा अडॅप्टर घेताना त्यावरील व्होल्ट मूळ अडॅप्टरइतकेच असावेत, अँपिअर तितके किंवा अधिक असावेत आणि पिनेचे धन-ऋण टोक जुळावे. वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणभरातही राउटर बंद पडतो आणि पूर्ववत होण्यास दोन-तीन मिनिटे घेतो. वारंवार वीज जाणाऱ्या गावांत राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावणे फायद्याचे ठरते.

कंपनीच्या तारेतील दोष आणि तक्रार

फायबरच्या जोडणीत मोडेमवर ‘एलओएस’ अशा खुणेचा दिवा असतो. तो लाल झाला की प्रकाशाचा संकेत घरापर्यंत पोहोचत नाही. फायबर म्हणजे काचेचा केसासारखा तंतू. कपाटामागे तो काटकोनात वाकला तरी प्रकाश गळतो. घरात एवढेच पाहावे आणि टोक स्वतः काढू नये. त्यातून येणारा लेझर प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. तंत्रज्ञ आल्यावर त्याला प्रकाशाची पातळी मोजण्यास सांगावे. सर्वसाधारण घरगुती फायबर जोडणीत ती उणे ८ ते उणे २७ डीबीएम या मर्यादेत असावी लागते. उणे २७ च्या आसपास असलेली जोडणी कोरड्या दिवशी चालते आणि पावसात तुटते.

गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात पडणारा पाऊस आणि माडांच्या, फणसांच्या फांद्यांमधून गेलेल्या तारा यांचा मेळ बसणे कठीण. तार घराजवळ सैल लोंबत असेल, तर ती भिंतीत शिरण्याआधी तिला खालच्या बाजूस थोडा बाक द्यावा, म्हणजे पाणी तारेवरून ओघळत आत न येता बाकाशी ठिबकते. मे महिन्यातील वळवाच्या आणि ऑक्टोबरमधील परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा राउटरचा अडॅप्टर, तांब्याची दूरध्वनी तार आणि संगणकाला जोडलेली तार काढून ठेवावी. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, पण वीजवाहिनीतून आणि तांब्याच्या तारेतून आलेला झटका संगणकातील नेटवर्क कार्ड जाळू शकतो. वीज कोसळल्याच्या दुसऱ्या दिवसापासून जोडणी तुटू लागली असेल, तर हे कार्ड अर्धवट जळलेले असू शकते.

कंपनीकडे तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ एवढे सांगून भागत नाही. तारेने जोडलेल्या संगणकावर केलेल्या पिंगचे निकाल आणि आठवड्याची नोंद पुढे ठेवावी, म्हणजे ‘तुमचा संगणक जुना आहे’ हे उत्तर देता येत नाही. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१२ मध्ये लागू केलेल्या नियमांनुसार कंपनीचे तक्रार केंद्र ही पहिली पायरी आणि कंपनीचेच अपील प्राधिकरण ही दुसरी पायरी आहे. दुसऱ्या पायरीवर जाण्यासाठी पहिल्या तक्रारीचा क्रमांक हाताशी असावा लागतो.

संगणक खरोखरच बदलावा केव्हा

जोडणी टिकू लागली म्हणजे यंत्र इंटरनेटसाठी सुरक्षित झाले असे नव्हे. विंडोज एक्सपीची सुरक्षा अद्ययावतीकरणे ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी, विंडोज ८.१ ची १० जानेवारी २०२३ रोजी थांबली. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेपुरती मुदतवाढ घेता येते. क्रोम ब्राउझरनेही २०२३ मध्ये विंडोज ७ आणि ८.१ ला नव्या आवृत्त्या देणे बंद केले. अशा प्रणालीवर बँकेचे व्यवहार किंवा आधारशी निगडित कामे करू नयेत.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने अलीकडचा प्रोसेसर लागतो. अनेक जुनी यंत्रे त्या अटीत बसत नाहीत. यंत्र सुस्थितीत असेल तर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली हा पर्याय आहे. तिला किमान दोन जीबी स्मृती लागते, चार जीबी असल्यास बरे. युनिकोड मराठी तिच्यात वाचता आणि लिहिता येते. नव्या प्रणालीचा प्रयोग पेन ड्राइव्हवरून, जुनी प्रणाली न पुसता करता येतो आणि वायफाय कार्ड तिच्यात चालते की नाही हेही तेव्हाच कळते. जुन्या फॉन्टमधील मजकुरासाठी विंडोजचे यंत्र ठेवायचेच असेल, तर ते इंटरनेटपासून तोडून वापरावे.

खर्चाचा क्रमही तपासणीसारखाच ठेवावा. आधी ज्याला काहीच पैसे लागत नाहीत ते: राउटरची जागा, चॅनेल, वीजबचतीची मांडणी, घड्याळ. मग जोडतार आणि बॅटरी, त्यानंतर यूएसबी वायफाय अडॅप्टर किंवा राउटरचा वीज अडॅप्टर, त्यापुढे राउटर आणि सर्वांत शेवटी संगणक. कोणत्याही पायरीपूर्वी संगणकातील महत्त्वाची कागदपत्रे आणि छायाचित्रे वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. आणि अर्जाची अंतिम तारीख जवळ आली असेल, तर दुरुस्तीची वाट न पाहता मोबाइलचे हॉटस्पॉट किंवा नागरी सेवा केंद्र यांपैकी जे जवळ असेल त्याचा आधार घेऊन अर्ज आधी भरावा. दोषाचा शोध दुसऱ्या दिवशीही घेता येतो.